निकोल ब्राउनची न झालेली साक्ष

१ जानेवारी १९८९. पहाटे चारच्या सुमाराला लॉस एंजेलिस पोलिसांच्या ९११ या तातडीच्या क्रमांकावर एक फोन आला. पलीकडून कुणी बोललं नाही. एका बाईच्या किंकाळ्या आणि मारल्याचे आवाज तेवढे येत राहिले. फोन ब्रेंटवुड या श्रीमंत वस्तीतल्या, रॉकिंगहॅम अव्हेन्यूवरच्या एका बंगल्यातून आला होता. पोलिसांची गाडी फाटकाशी पोचली तेव्हा झुडपांच्या आडोशातून एक बाई धावत बाहेर आली. अंगावर अंतर्वस्त्र आणि चिखलाने माखलेली पँट, ओठ फाटलेला, डोळा सुजलेला, गळ्यावर हाताचा वळ. पोलिसाच्या अंगावर कोसळत ती म्हणत राहिली, "तो मला मारून टाकेल." तो म्हणजे कोण, असं विचारल्यावर तिने नाव सांगितलं. पोलिसाने पुन्हा विचारलं, फुटबॉल खेळणारा ओ. जे. का? ती हो म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते त्या पोलिसाने पुढे कोर्टात शपथेवर सांगितलं: तुम्ही आठ वेळा येऊन गेलात, त्याच्याशी बोलता आणि निघून जाता, करत काहीच नाही.

निकोल ब्राउन सिम्पसनचा नवरा त्याही दिवशी अंगात झगा घालून बाहेर आला, ही आमच्या घरातली बाब आहे म्हणून पोलिसांवर ओरडला, कपडे बदलायला आत गेला आणि आपल्या बेंटली गाडीतून निघून गेला. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा त्याने आरोपाला विरोध केला नाही. शिक्षा झाली ती दोन वर्षं देखरेखीची, १२० तास समाजसेवेची आणि दोनशे डॉलर दंडाची. समुपदेशन घ्यायचं होतं, ते फोनवरून घ्यायची मुभा मिळाली. ज्या हर्ट्झ कंपनीच्या गाड्यांची तो जाहिरात करत असे तिने त्याच्याशी करार तोडला नाही आणि त्याच वर्षी एनबीसी वाहिनीने त्याला समालोचक म्हणून घेतलं.

ओ. जे. सिम्पसन खटल्यावर गेल्या तीस वर्षांत प्रचंड लिहिलं गेलं. वंश, पोलिस, पैसा, दूरचित्रवाणी या सगळ्या बाजूंनी लिहिलं गेलं, आणि त्यातलं बरंचसं योग्यच आहे. तरी मला हा खटला १९९४च्या खुनापासून वाचावासा वाटत नाही, या पहाटेपासून वाचावासा वाटतो. पुढे ज्या पोलिस खात्याने कटकारस्थान करून सिम्पसनला अडकवलं असा बचाव मांडला गेला, त्याच खात्याने आधीची कित्येक वर्षं त्याला सांभाळून घेतलं होतं. पोलिस त्याच्या बंगल्यावर पाहुणे म्हणून जात, टेनिस खेळत, सह्या घेत. त्या सांभाळून घेण्याची किंमत कुणी मोजली हे खटल्याच्या गदारोळात मागे पडलं.

ऑरेन्थल जेम्स सिम्पसन ९ जुलै १९४७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला आणि पोट्रेरो हिल भागातल्या सरकारी चाळींसारख्या वसाहतीत वाढला. लहानपणी मुडदूस झाला होता, पायांना आधाराच्या पट्ट्या लावाव्या लागत. त्याच पायांवर त्याने अमेरिकन फुटबॉलचा इतिहास बदलला. त्या खेळात चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीतून वाट काढत पळणाऱ्या खेळाडूला रनिंग बॅक म्हणतात. सिम्पसन त्या जागेवरचा सर्वांत देखणा खेळाडू होता. १९६८ साली, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात असताना त्याला महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च हाइझमन पुरस्कार मिळाला. १९७३ साली बफेलो बिल्स संघाकडून खेळताना त्याने एका हंगामात २,००३ यार्डांची मजल मारली. दोन हजारांचा टप्पा त्याआधी कुणीच ओलांडला नव्हता.

१९६८ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी मेक्सिको ऑलिंपिकच्या विजयमंचावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या आणि त्याची जबर शिक्षा भोगली. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या त्या चळवळीत सिम्पसननेही यावं असा प्रयत्न झाला होता. तो आला नाही. आपण काळे नाही, आपण ओ. जे. आहोत, अशा अर्थाचं तो बोलत असे, हे त्याला ओळखणाऱ्यांनी पुढे सांगितलं. त्याचं विद्यापीठ साउथ सेंट्रल या कृष्णवर्णीय वस्तीला खेटून होतं. १९६५ साली वॉट्समध्ये उसळलेल्या दंगलीच्या खुणा तिथून दूर नव्हत्या. पण सिम्पसनची वाट मैदानातून ब्रेंटवुडकडे, गोल्फ क्लबांकडे आणि चित्रपटांकडे गेली. विमानतळावरून बॅग घेऊन पळत सुटणारा, हसरा, सगळ्यांना आपला वाटणारा माणूस म्हणून जाहिरातींनी त्याला घराघरांत नेलं. गोऱ्या अमेरिकेने एका कृष्णवर्णीय माणसाला इतक्या सहजपणे आपलं म्हटल्याची उदाहरणं त्या काळात फारच थोडी होती.

१९८५ साली त्याचं निकोलशी लग्न झालं, १९९२ साली घटस्फोट झाला. ऑक्टोबर १९९३ मध्ये तिने पुन्हा ९११ला फोन केला. त्या ध्वनिमुद्रणात तिचा कापरा आवाज आहे आणि मागून त्याचं ओरडणं ऐकू येतं.

१२ जून १९९४च्या रात्री बंडी ड्राइव्हवरच्या तिच्या घराच्या दाराशी निकोल आणि रोनाल्ड गोल्डमन यांचे मृतदेह पडले होते. दोघांनाही सुऱ्याने भोसकलं होतं. मुलं वर झोपलेली होती. निकोल ३५ वर्षांची, गोल्डमन २५ वर्षांचा. तो मेझालुना नावाच्या रेस्तराँमध्ये वेटर होता. संध्याकाळी निकोलचं कुटुंब तिथे जेवलं होतं, तिच्या आईचा चष्मा तिथेच राहिला, तो परत द्यायला तो गेला होता. त्याचा या लग्नाशी, घटस्फोटाशी, भांडणाशी कसलाही संबंध नव्हता. पुढची कित्येक वर्षं वर्तमानपत्रं 'निकोल आणि तिचा मित्र' एवढ्यावर त्याला उरकत राहिली आणि त्याचे वडील फ्रेड गोल्डमन प्रत्येक मुलाखतीत त्याचं नाव पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले.

त्याच रात्री पावणेबाराच्या विमानाने सिम्पसन शिकागोला गेला होता. १७ जूनला त्याने पोलिसांच्या स्वाधीन व्हायचं ठरलं, तो आला नाही. संध्याकाळी त्याचा जुना मित्र अल काउलिंग्ज चालवत असलेली पांढरी फोर्ड ब्रॉन्को महामार्गावर दिसली. मागच्या सीटवर सिम्पसन, हातात पिस्तूल, मागे पोलिसांच्या गाड्यांची रांग, वर हेलिकॉप्टरं. एनबीसीवर बास्केटबॉलच्या अंतिम फेरीतली एक लढत चालू होती. वाहिनीने सामना पडद्याच्या कोपऱ्यात ढकलला आणि गाडी दाखवली. साडेनऊ कोटी अमेरिकन ते बघत होते असा अंदाज आहे. पुलांवर माणसं गोळा झाली, काहींच्या हातात 'गो ओ. जे.' लिहिलेले फलक होते. दोन माणसांचा खून होऊन पाच दिवस झाले होते आणि संशयिताला मैदानावरच्यासारखा जयघोष मिळत होता.

या टाळ्यांमागचं एक कारण प्रसिद्धी होतं. दुसरं कारण फार खोल होतं, आणि ते समजून न घेता या खटल्याच्या निकालाला हसणं हा अन्याय आहे. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला रस्त्यावर पाडून दंडुक्यांनी झोडपलं. जवळच राहणाऱ्या एका माणसाने ते बाल्कनीतून चित्रित केलं, साऱ्या जगाने पाहिलं. तेरा दिवसांनी लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला एका दुकानदारणीने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीत पाठमोरी गोळी घातली. ज्यूरीने तिला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं, तरी न्यायाधीशांनी एक दिवसही तुरुंगवास दिला नाही, देखरेख, समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड एवढ्यावर सोडलं. २९ एप्रिल १९९२ रोजी किंगला मारणारे पोलिस सिमी व्हॅलीतल्या ज्यूरीने सोडले. त्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. शहर पेटलं, साठहून अधिक माणसं मेली. सिम्पसन खटल्याची ज्यूरी निवडली गेली तेव्हा त्या आगीला जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

सरकारी पक्षाने खटला श्रीमंत वस्तीजवळच्या सांता मोनिकाऐवजी शहराच्या मध्यवर्ती न्यायालयात दाखल केला. न्यायाधीश लान्स इटो, सरकारी वकील मार्शा क्लार्क आणि ख्रिस्तोफर डार्डन. बचावाला जॉनी कॉक्रन, रॉबर्ट शपिरो, एफ. ली. बेली, ॲलन डर्शोविट्झ आणि डीएनए पुराव्याचे जाणकार बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड. शेवटी उरलेल्या बारा जणांच्या ज्यूरीत दहा स्त्रिया होत्या, त्यांतल्या आठ कृष्णवर्णीय. सरकारी पक्षाच्या ज्यूरी-सल्लागाराने आधीच सांगितलं होतं की या स्त्रिया तुमच्या बाजूला झुकणार नाहीत. क्लार्कचा विश्वास होता की मारहाण झालेल्या बाईचं दुःख बायकांना कळेल. तो विश्वास चुकीच्या जागी ठेवला गेला होता.

२४ जानेवारी १९९५ रोजी वकिलांची प्रारंभिक निवेदनं सुरू झाली. पुरावा भरपूर होता. बंडी ड्राइव्हच्या पायवाटेवर रक्ताचे थेंब होते, त्यांतल्या एकाचं डीएनए सिम्पसनशी जुळत होतं आणि तसं डीएनए सतरा कोटी माणसांत एखाद्याचंच असतं, असं तज्ज्ञांनी सांगितलं. ब्रॉन्कोत रक्त होतं, त्याच्या शयनगृहातल्या मोज्यावर निकोलचं रक्त होतं, खुनाच्या जागी सापडलेल्या हातमोज्याचा जोडीदार त्याच्या बंगल्याच्या आवारात सापडला. पण डीएनए ही गोष्ट तेव्हा सामान्य माणसाला अनोळखी होती आणि शेक यांनी ती कशी गोळा केली गेली यावरच बोट ठेवलं. नमुने उचलायला शिकाऊ मुलगी होती, ओले नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तापलेल्या गाडीत ठेवले होते. सिम्पसनच्या रक्ताची बाटली तपास अधिकारी फिलिप व्हॅनॅटर यांनी मुख्यालयात जमा न करता तासन्‌तास स्वतःजवळ ठेवली आणि ती घेऊन ते सिम्पसनच्या बंगल्यावर गेले. मी बचाव पक्षाचं कटाचं कथन मानत नाही. पण या कामचुकारपणाची उलटतपासणी घेऊन शेक आणि न्यूफेल्ड यांनी एक फार मोठं काम केलं. त्यानंतर अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना नमुन्याची साखळी तुटू न देण्याची शिस्त लावून घ्यावी लागली. हेच दोघे १९९२ पासून 'इनोसन्स प्रोजेक्ट' चालवत होते आणि त्याच डीएनएच्या आधारे निरपराध कैद्यांना सोडवत होते.

१५ जून १९९५ रोजी डार्डन यांनी भर कोर्टात सिम्पसनला ते हातमोजे घालायला लावले. रक्ताने भिजून वाळलेलं चामडं, आत रबरी हातमोजे, आणि घालणाऱ्याला ते बसावेत अशी इच्छा नाही. हातमोजे बसले नाहीत. कॉक्रन यांनी समारोपात त्यावर यमक जुळवलं आणि ते यमक पुराव्यापेक्षा जास्त टिकलं.

सरकारी पक्षाचा घात मात्र मार्क फरमन या पोलिस अधिकाऱ्याने केला. दुसरा हातमोजा त्यालाच सापडला होता. गेल्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांसाठीचा तो घाणेरडा शब्द आपण वापरला नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. मग एका पटकथालेखिकेने केलेल्या त्याच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. त्यांत तो शब्द वारंवार होता, खोटे पुरावे रचल्याच्या आणि मारहाणीच्या फुशारक्या होत्या. पुन्हा कोर्टात आल्यावर, या खटल्यात तू पुरावा रचलास का, या प्रश्नालाही त्याने गप्प राहण्याच्या घटनात्मक हक्काचा आधार घेतला. ज्या बाईचा भाऊ किंवा मुलगा अशाच एखाद्या फरमनच्या हाती सापडला असेल, तिने यानंतर सरकारी पक्षावर भरवसा ठेवावा ही अपेक्षा कुणी आणि कशाच्या बळावर करायची?

ज्यूरी हॉटेलात २६५ दिवस कोंडली गेली होती. दहा जणांना मध्येच काढलं गेलं. शेवटी चार तासही चर्चा न करता त्यांनी निर्णय दिला आणि ३ ऑक्टोबर १९९५च्या सकाळी दहा वाजता तो वाचला गेला: निर्दोष. देशात कामं थांबली होती. हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या नामांकित विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी उड्या मारत होते, इतर ठिकाणी गोरी माणसं तोंडावर हात ठेवून सुन्न बसली होती. ती दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवून वाहिन्यांनी देश दुभंगल्याचं जाहीर केलं. दोन दशकांनी घेतलेल्या जनमत चाचणीत मात्र बहुसंख्य कृष्णवर्णीयांनीही सिम्पसन दोषी असावा असंच मत दिलं. १९९५चा आनंद त्याच्या निरपराधपणाचा नव्हता. जी व्यवस्था आपल्याला नेहमी चिरडते ती एकदा तरी हरली, याचा तो आनंद होता. तो मला कळतो. सिम्पसनने आयुष्यभर ज्या समाजापासून अंतर ठेवलं त्याच समाजाने त्याला तारलं, आणि त्या समाजाच्या हाती त्यातून काही आलं नाही, ही त्यातली खरी शोकांतिका.

निकालानंतर एका ज्यूरी सदस्याने घरगुती मारहाणीचा सगळा पुरावा म्हणजे वेळेचा अपव्यय होता असं सांगितलं. हा खुनाचा खटला आहे, मारहाणीचा खटला चालवायचा तर दुसऱ्या कोर्टात जा, असा त्या बोलण्याचा भाव होता. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आहे. स्त्रियांच्या खुनांकडे पाहणाऱ्या कुठल्याही पोलिसाला, डॉक्टरला, कार्यकर्तीला ठाऊक असतं की मारहाण आणि खून ही एकाच वाटेची दोन टोकं असतात आणि घर सोडून गेलेल्या बाईला धोका सर्वांत जास्त असतो. ज्यूरीला ते कळलं नाही, याचा दोष एकट्या ज्यूरीचा नव्हता. निकोलने जे सांगून ठेवलं होतं त्यातलं थोडंच ज्यूरीपर्यंत पोचलं.

१९८९ची ती पहाट आणि १९९३चा फोन ज्यूरीने ऐकला. पण निकोलने डायरी लिहिली होती. खुनाच्या पाच दिवस आधी, ७ जूनला, स्त्रियांच्या एका आश्रयगृहाला एका बाईने फोन करून माजी नवरा पाठलाग करतो असं सांगितलं होतं. ती निकोलच होती असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. तिच्या बँकेच्या लॉकरमध्ये मार खाल्लेल्या चेहऱ्याचे फोटो, सिम्पसनची माफीची पत्रं आणि तिचं मृत्युपत्र एकत्र ठेवलेलं सापडलं. पस्तिशीच्या आतली बाई हे तीन कागद एका ठिकाणी का ठेवते, याला दुसरं काय उत्तर असू शकतं ते मला सुचत नाही. न्यायाधीश इटो यांनी डायरी आणि तो फोन हा ऐकीव पुरावा म्हणून वगळला. कायद्याच्या दृष्टीने ते चूक म्हणता येणार नाही: बोलणाऱ्या व्यक्तीची उलटतपासणी घेता येत नसेल तर तिचं कोर्टाबाहेरचं बोलणं सहसा पुरावा होत नाही. पण उलटतपासणी घेता येत नव्हती, कारण तिचा खून झाला होता.

खटल्याचा सगळ्यांत खोल परिणाम मला इथे दिसतो, वाहिन्यांच्या वाढीत नाही. वाहिन्या वाढल्या हे खरं. १९९६ साली एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज सुरू झाल्या, दिवसभर चालणाऱ्या खटल्याला प्रेक्षक मिळतो हे त्यांना कळलेलं होतं. मार्शा क्लार्कच्या केशरचनेवर आणि तिच्या मुलांच्या ताब्याच्या वादावर जितकं लिहिलं गेलं तितकं डार्डनच्या कशावरही लिहिलं गेलं नाही. त्याची आठवण ठेवली पाहिजे. पण १९९६ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने पुराव्याच्या कायद्यात दोन कलमं घातली ती जास्त महत्त्वाची. १३७० कलमाने मारहाणीबद्दल किंवा धमकीबद्दल पीडितेने त्या सुमाराला लिहून ठेवलेलं किंवा पोलिस-डॉक्टरांना सांगितलेलं, ती साक्षीला येऊ शकत नसली तरी, विश्वासार्ह वाटल्यास मान्य करायला वाट दिली. ११०९ कलमाने घरगुती हिंसेच्या खटल्यात आरोपीची आधीची मारहाण ज्यूरीपुढे आणायची मुभा दिली. १९९६च्याच फेब्रुवारीत देशभराची घरगुती हिंसेविरुद्धची मदतवाहिनीही सुरू झाली.

दिवाणी दाव्यात निकोलचं लिखाण ऐकलं गेलं. गोल्डमन आणि ब्राउन कुटुंबांनी सांता मोनिकात लावलेला हा दावा न्यायाधीश हिरोशी फुजिसाकी यांनी कॅमेऱ्यांशिवाय चालवला. सिम्पसनला साक्षीला उभं राहावं लागलं. खुनाच्या जागी ब्रुनो माल्यी बुटांचे ठसे होते. असे बूट आपण कधी घातलेच नाहीत असं तो म्हणाला होता, आणि मग ते घातलेले त्याचे फोटो निघाले. निकोलच्या डायरीतल्या नोंदीही ज्यूरीपुढे आल्या. ४ फेब्रुवारी १९९७ रोजी ज्यूरीने त्याला दोन्ही मृत्यूंना जबाबदार धरलं. भरपाईची एकूण रक्कम ३ कोटी ३५ लाख डॉलर ठरली. त्यातली फारच थोडी वसूल झाली. फुटबॉलचं निवृत्तिवेतन कायद्याने सुरक्षित होतं आणि फ्लोरिडातलं घर तिथल्या कायद्याने. हाइझमन पुरस्काराची मूर्ती १९९९ साली लिलावात विकली गेली. लास व्हेगासमधल्या दरोड्याच्या गुन्ह्यात ३ ऑक्टोबर २००८ला तो दोषी ठरला, नऊ वर्षं तुरुंगात राहिला, आणि १० एप्रिल २०२४ला कर्करोगाने वारला.

१३७० कलमाला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून वेसण बसली. २००८ सालच्या जाइल्स विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात, मारल्या गेलेल्या बाईने आधी पोलिसांना दिलेला जबाब वापरण्यावर न्यायालयाने बंधन घातलं: तिला साक्षीपासून रोखण्याच्याच हेतूने खून केला हे दाखवल्याशिवाय आरोपीचा उलटतपासणीचा हक्क जात नाही. हा निकालही लॉस एंजेलिसच्याच एका खुनातून आलेला होता.

भारतातला पुराव्याचा कायदा या बाबतीत आधीपासून वेगळा आहे, आणि त्याची महत्त्वाची चर्चा पुण्यातल्या एका प्रकरणात झाली. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४च्या निकालात, नवविवाहित मृत स्त्रीने मृत्यूआधी लिहिलेली पत्रं पुरावा धरता येतात का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायमूर्ती फझल अली यांनी सांगितलं की आपल्याकडे इंग्लंडसारखी अट नाही. लिहिताना मृत्यू समोर दिसत असलाच पाहिजे असं नाही, मृत्यूच्या परिस्थितीशी त्या मजकुराचा जवळचा संबंध असला म्हणजे पुरे. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण होत नाही म्हणून न्यायालयाने त्या खटल्यातल्या आरोपीला निर्दोष सोडलं, पत्रांबद्दलचं तत्त्व मात्र राहिलं आणि पुढे हुंडाबळीच्या असंख्य खटल्यांत वापरलं गेलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये ती तरतूद कायम आहे. पुण्यातली पत्रं बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली होती. त्यांनी ती ठेवली होती, म्हणून न्यायाधीशांना ती वाचता आली.